‘चेम्मीन’मधील ऋण आणि शाप

१

निषिद्ध प्रेम आणि त्यातून ओढवणारा सर्वनाश हा विषय भारतीय चित्रपटास नवा नाही. जातीची, धर्माची अथवा विवाहाची मर्यादा ओलांडणारी दोन माणसे अखेरीस मरतात, प्रेक्षक डोळे पुसत घरी जातो, आणि मर्यादा होती तेथेच राहते. असे बोलपट पुष्कळ झाले. परंतु साहित्याच्या अभ्यासकाने थांबून ज्यांचा विचार करावा असे त्यांत थोडेच आहेत. या थोड्यांमध्ये रामू कार्याट यांचा ‘चेम्मीन’ हा १९६५ सालचा मल्याळी चित्रपट आम्ही अग्रभागी ठेवू. त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट कथाचित्राचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक त्यास लाभले, आणि दक्षिण भारतातील कोणत्याही चित्रपटास हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. ज्या कादंबरीवरून तो घेतला, ती तकळी शिवशंकर पिळ्ळै यांची ‘चेम्मीन’ १९५६ साली प्रसिद्ध झाली व १९५७ साली तिला साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला.

‘चेम्मीन’ म्हणजे कोळंबी. गोमंतकातील आमचे वाचक जिला सुंगट म्हणतील तीच. एवढ्या मोठ्या शोककथेला एका लहानशा जलचराचे नाव का दिले असावे, या प्रश्नाकडे आम्ही पुढे वळणार आहोत. प्रथम दुसरा एक प्रश्न वाचकांपुढे ठेवतो. तुलनात्मक साहित्याच्या वर्गात ही कथा शिकविताना तिचा सारांश बहुधा एका वाक्यात सांगितला जातो: पत्नीचे पाऊल वाकडे पडले, म्हणून पती समुद्रात बुडाला. हा सारांश कथेतील किनाऱ्यावरच्या माणसांचा आहे, यात संशय नाही. परंतु तो लेखकाचा आहे काय? दिग्दर्शकाचा आहे काय? आणि घटनांचा क्रम नीट लावून पाहिल्यास तो टिकतो काय? पळनी कशाने बुडाला, हा आमचा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर शोधताना कथेतील प्रेमापेक्षा कथेतील एका कर्जाचा माग काढावा लागतो, असे आमचे मत आहे.

२

कथा घडते ती केरळातील आलप्पुळा परिसराच्या समुद्रकिनाऱ्यावर. तेथील कोळ्यांची देवता कडलम्मा, म्हणजे समुद्रमाता. ती अन्न देते आणि कोपली तर प्राणही घेते. नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करणाऱ्या आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील वाचकांस ही भावना परकी वाटणार नाही. परंतु या कथेतील श्रद्धेला आणखी एक कलम जोडलेले आहे. होडी घेऊन खोल समुद्रात गेलेल्या पुरुषाचे रक्षण किनाऱ्यावर राहिलेली त्याची पत्नी आपल्या शुद्ध आचरणाने करते. ती चळली तर समुद्रमाता कोपते आणि पुरुष परत येत नाही. करुत्तम्मेची आई चक्की वयात आलेल्या मुलीला ही पूर्वापार कथा ऐकविते: पहिला कोळी एका लाकडी ओंडक्यावरून समुद्रात गेला, वादळात सापडला, आणि किनाऱ्यावर पश्चिमेकडे तोंड करून तपश्चर्येला उभ्या राहिलेल्या पत्नीच्या पुण्याईने सुखरूप परतला.

मराठी वाचकास येथे सावित्रीचे स्मरण होणे साहजिक आहे. पत्नीच्या निष्ठेपुढे यमासही माघार घ्यावी लागते, ही कल्पना आपल्या घराघरांत वटपौर्णिमेच्या रूपाने शतकानुशतके नांदत आली आहे. तिचे उदात्त रूप आपण जाणतो. मात्र तिची दुसरी बाजू क्वचितच उच्चारली जाते. निष्ठेने नवरा वाचतो हे एकदा मान्य केले, की नवरा वाचला नाही त्या प्रत्येक स्त्रीच्या निष्ठेविषयी शंका घेण्याची मुभा आपोआप मिळते. ‘पांढऱ्या पायाची’ हा आपल्या बोलीतला शब्दप्रयोग याच तर्कातून जन्मला आहे. शेतीप्रधान गावात या तर्काची धार काहीशी बोथट राहते, कारण तेथे अपमृत्यू रोजचा नसतो. समुद्रावर पोट भरणाऱ्या वस्तीत मात्र तो दररोज दाराशी उभा असतो. वादळ, भोवरा, फुटलेली फळी, धुक्यात चुकलेली दिशा यांपैकी कोणत्याही कारणाने माणूस बुडतो. या कारणांना जाब विचारता येत नाही. किनाऱ्यावर राहिलेल्या स्त्रीला तो विचारता येतो. समुद्रमातेच्या नियमाचे सामाजिक कार्य आमच्या मते हेच आहे: ज्या मृत्यूला कोणी अपराधी नाही, त्या मृत्यूला हा नियम एक अपराधी मिळवून देतो.

या नियमातील विसंगतीही कथेतच आहे. चक्की स्वतः मासळीची पाटी डोक्यावर घेऊन पूर्वेकडच्या गावांतून हिंडते, घासाघीस करते, परपुरुषांशी बोलते आणि घरात पैसा आणते. म्हणजे या समाजातील स्त्री घराच्या उंबऱ्याआड बसलेली नाही. तिच्या श्रमावर निम्मे घर चालते. तरीही पातिव्रत्याचे सर्वांत कडक बंधन याच श्रमकरी स्त्रीवर लादलेले आहे. ही श्रद्धा तेथील कोळ्यांमध्ये खरोखर इतक्या कडकपणे पाळली जात होती की लेखकाने तिला कथेसाठी धार लावली, हा समाजशास्त्राचा विषय होईल. कलाकृतीच्या अभ्यासकाला एवढे पुरेसे आहे, की या किनाऱ्यावर हा नियम कायद्यासारखा लागू आहे, आणि कायद्याप्रमाणेच तो कोणाला लागू होतो व कोणाला होत नाही हे पाहण्याजोगे आहे.

३

आता कथेचा जमाखर्च मांडू. चेंपनकुंजु हा कष्टाळू, चतुर आणि महत्त्वाकांक्षी कोळी. इतरांच्या होडीवर राबून त्याने आयुष्य काढले. आता त्याला स्वतःची होडी आणि स्वतःचे जाळे हवे आहे. त्याची मुलगी करुत्तम्मा आणि त्याच किनाऱ्यावर मासळीचा व्यापार करणारा तरुण मुसलमान परीकुट्टी लहानपणापासून एकमेकांना ओळखतात. बालपणीच्या शिंपल्यांच्या खेळाचे तारुण्यात प्रेम झाले आहे. ते दोघांनाही उमगले आहे, पण उच्चारण्याची सोय नाही. थट्टेथट्टेत करुत्तम्मा त्याला विचारते: बाबांना होडी-जाळ्यासाठी पैसे देशील का? थट्टेने विचारलेल्या या प्रश्नाचे उत्तर परीकुट्टी मनापासून देतो. बाप खरोखरच त्याच्याकडे येतो, आणि होडीवर मिळालेली मासळी त्यालाच विकली जाईल या बोलीवर परीकुट्टी आपले भांडवल त्याच्या हवाली करतो.

होडी येते आणि पहिल्या फेरीपासून तिला यश लाभते. मासळी किनाऱ्यावर उतरताच चेंपनकुंजु आपला शब्द मोडतो. रोख पैसा देणाऱ्या गिऱ्हाइकाला तो माल देतो. ज्याने होडी घेऊन दिली त्याला रित्या हाताने परत पाठवितो. पुढे दुसरी होडी येते. परीकुट्टीचे कर्ज मात्र फिटत नाही, आणि त्याचा व्यापार हळूहळू बुडतो.

येथे ‘चाकरा’चा उल्लेख करणे अवश्य आहे. पावसाळ्यात आलप्पुळेच्या किनाऱ्यालगत काही ठिकाणी समुद्रतळाचा मऊ गाळ ढवळून वर येतो. त्या पट्ट्यात लाटांचा जोर शमतो, आणि बाहेर समुद्र खवळलेला असतानाही तेथे शांत पाण्यात मासळीची रेलचेल होते. ‘चाकरा’ म्हणतात तो हाच सुगीचा हंगाम. कोळंबी ही या सुगीची लक्ष्मी. वर्षभराची देणी याच दिवसांत फिटतात, नवी कर्जे याच भरवशावर काढली जातात, लग्ने याच पैशावर ठरतात. कादंबरीला कोळंबीचे नाव देण्यात लेखकाचा कोणता हेतू होता हे अनुमानानेच सांगावे लागेल. परंतु कथेतील प्रत्येक वचन, प्रत्येक विश्वासघात आणि प्रत्येक विवाह ज्या पैशावर तोलला जातो, त्या पैशाचेच हे नाव आहे, एवढे निश्चित म्हणता येते. ‘चेम्मीन’ लिहिण्यापूर्वी तकळींनी १९४७ साली सफाई कामगारांच्या जीवनावर ‘तोट्टियुडे मकन’ आणि १९४८ साली कुट्टनाडच्या शेतमजुरांवर ‘रंडिडंगळी’ या कादंबऱ्या लिहिल्या होत्या. या दुसऱ्या कादंबरीच्या नावाचा अर्थच मुळी ‘दोन मापे’ असा, म्हणजे धान्याच्या मापाशी निगडित आहे. श्रम कोणी केले आणि माप कोणाच्या पदरात पडले, हे पाहण्याची ज्या लेखकाची दृष्टी, त्याने किनाऱ्यावर येताच ती दृष्टी बाजूला ठेवली असेल, असे मानण्यास आधार नाही.

करुत्तम्मेच्या दुःखाचे मूळ या कर्जात आहे. तिने परीकुट्टीवर प्रेम केले एवढेच असते, तर कदाचित ते प्रेम मनात मिटवून ती संसाराला लागली असती. अशी असंख्य प्रेमे जगात मिटविली जातात. परंतु तिच्या शब्दाखातर एक माणूस धुळीस मिळाला आणि त्याच्या धुळीवर तिच्या बापाचे घर उभे राहिले, ही गोष्ट मिटविता येत नाही. लग्न होऊन जाण्यापूर्वी हे देणे फेडा, असा तिचा आईपाशी धोशा चालतो. चक्कीला तिचे म्हणणे पटते. बापाच्या कानी ते शिरत नाही. प्रियकराविषयीचे प्रेम आणि सावकाराविषयीची शरम ही दोन्ही एकाच माणसाच्या ठायी एकवटल्यामुळे करुत्तम्मेला त्याच्यापासून मन सोडविताच येत नाही. निषिद्ध प्रेमाच्या सामान्य कथेहून ‘चेम्मीन’ वेगळी ठरते ती येथे. या नायिकेला वासनेपेक्षा कृतज्ञतेचे आणि अपराधभावनेचे ओझे अधिक आहे.

आता समुद्रमातेच्या नियमाकडे पुन्हा पाहावे. मुलीच्या एका नजरेची हा नियम दखल घेतो. बापाने मोडलेल्या शब्दासाठी त्यात कलम नाही. उपकारकर्त्याला भिकेस लावणाऱ्या कोळ्याची होडी बुडेल, असे किनाऱ्यावर कोणी म्हणत नाही. उलट त्याची होडी भरून येते आणि त्याच्या वैभवाकडे लोक असूयेने पाहतात. आमच्या मते संपूर्ण कलाकृतीचे मर्म या मौनात आहे.

४

पळनी हा दुसऱ्या किनाऱ्यावरचा अनाथ तरुण; पोलादासारखा अंगाने बळकट आणि समुद्रावर निर्भय. त्याच्या पराक्रमावर भाळून चेंपनकुंजु त्याला जावई करतो. लग्नाच्या दिवशीच चक्की आजारी पडते. तिला सोडून जाऊ नये असा बापाचा आग्रह. परंतु करुत्तम्मा पतीबरोबर जाते, आणि चेंपनकुंजु मुलीचे नाव टाकतो. तिच्या जाण्याचा अर्थ किनारा कसाही लावो. ज्या किनाऱ्यावर परीकुट्टी आहे तेथून दूर जाणे हाच तिला संसार वाचविण्याचा एक मार्ग दिसत होता, हे वाचकाला कळते. पुढे चक्की मरते. ज्याच्याकडून चेंपनकुंजुने पहिली होडी घेतली, त्याच्या विधवेशी तो दुसरे लग्न करतो. धाकटी पंचमी घर सोडून बहिणीकडे येते, आणि मिळविलेले सर्व हातचे निसटून चेंपनकुंजुला अखेरीस वेड लागते.

नव्या किनाऱ्यावर करुत्तम्मा मनःपूर्वक संसार करते, तिला मुलगी होते. पण जुन्या प्रेमाची कुजबुज तिच्या मागोमाग तेथे पोहोचते. येथून पुढे घटनांचा क्रम अत्यंत महत्त्वाचा आहे आणि अध्यापकांनी तो वर्गात फळ्यावर लिहून दाखवावा, अशी आमची सूचना आहे. प्रथम अफवा. अफवेपाठोपाठ बहिष्कार: ज्याच्या घरात अशी बायको, तो आपल्या होडीवर असला तर समुद्रमाता सर्वांनाच गिळील, या भीतीने सोबती पळनीला होडीवर घेत नाहीत. बहिष्कारामुळे एकाकीपणा: तांड्यातला उत्तम कोळी लहानशा नावेतून गळ घेऊन एकटा समुद्रात जाऊ लागतो. मोठ्या होडीवर एक सुकाणू धरतो, बाकीचे वल्ही मारतात, कोणी अडचणीत आला तर दुसरा हात देतो. एकट्याला हे बळ नाही. आणि अशाच एका रात्री, तो एकटा दूर समुद्रात असताना, त्याच्या गळाला प्रचंड शार्क लागतो. नाव खेचली जाते, भोवऱ्यात सापडते आणि पळनी बुडतो. त्याच रात्री, त्याच सुमारास, सर्वस्व गमावलेला परीकुट्टी करुत्तम्मेच्या दाराशी आलेला असतो आणि ती त्याच्याकडे गेलेली असते. पुढे त्या दोघांचे देह एकमेकांना बिलगलेल्या स्थितीत किनाऱ्याला लागतात. दुसरीकडे गळ गिळलेला शार्क वाहून येतो.

या क्रमातून जे दिसते ते असे. पळनी एकटा समुद्रावर गेला, तेव्हा करुत्तम्मेच्या हातून काहीही घडलेले नव्हते. त्याला एकटे करणारा दोष तिचा नसून किनाऱ्याचा होता. ज्या श्रद्धेने ‘हिच्यामुळे नवरा बुडेल’ असे भाकीत केले, त्याच श्रद्धेने त्याला सोबत्यांपासून तोडून बुडण्याजोग्या स्थितीत आणले. भाकीत खरे ठरले, कारण भाकितावर विश्वास ठेवणाऱ्यांनी ते खरे करून दाखविले. शापाची गती नेहमी अशीच असते, असे म्हणावयास हरकत नाही: तो आकाशातून पडत नाही, माणसांच्या हातांनी एक एक पायरी खाली उतरविला जातो.

तथापि या विवेचनाने सर्व शंका फिटतात असा दावा आम्ही करीत नाही. पळनीचा मृत्यू आणि करुत्तम्मेचे परीकुट्टीकडे जाणे लेखकाने एकाच रात्री घडविले, हा योगायोग नव्हे, रचना आहे. श्रद्धा खोटी ठरवावयाची असती, तर ज्या रात्री ती घरी बसून वाट पाहत होती अशा रात्री त्याने पळनीला बुडविले असते. तसे केले नाही. म्हणून कथेचे दोन अर्थ अखेरपर्यंत जोडीने उभे राहतात. किनाऱ्यावरचा श्रद्धाळू म्हणेल, समुद्रमातेने न्याय केला. जमाखर्च तपासणारा म्हणेल, बहिष्काराने एक मनुष्य मारला. लेखक दोघांपैकी कोणालाही खोडून काढीत नाही. यास कोणी लेखकाची संदिग्धता म्हणतील. शोकांतिकेस हे असेच उभे करावे लागते, असे आम्हांस वाटते. दैवावर विश्वास असलेल्या माणसांच्या कथेतून दैव काढून टाकले, तर त्यांच्या भीतीची खोली वाचकाला कळत नाही.

५

कादंबरीतून चित्रपटात येताना हा तोल कितपत राहिला, हा प्रश्न येथे ओघानेच येतो. पटकथा एस. एल. पुरम सदानंदन यांची. करुत्तम्मेच्या भूमिकेत शीला, परीकुट्टी मधू, पळनी सत्यन आणि चेंपनकुंजु कोट्टारक्करा श्रीधरन नायर. चित्रपटाचे बरेचसे चित्रण त्रिशूर जिल्ह्यातील नाटिका येथील किनाऱ्यावर झाले. रंगीत छायालेखन मार्कस बार्टली यांचे, संगीत सलील चौधरी यांचे, गीते वयलार रामवर्मा यांची, संकलन हृषीकेश मुखर्जी यांचे. आणि परीकुट्टीच्या विरहगीताला आवाज मन्ना डे यांचा. संगीतकार, गायक आणि संकलक वंगभूमीचे, आणि कथा मल्याळी किनाऱ्याची. भिन्नभाषिक प्रांतांत पिढ्यान्‌पिढ्या राहून मराठी जपणाऱ्या आमच्या वाचकांस या सहकार्याचे मोल सांगावयास नको. सलील चौधरी यांचा तर हा पहिलाच मल्याळी चित्रपट, आणि त्यानंतर मल्याळी चित्रसंगीताशी त्यांचे नाते दीर्घकाळ टिकले.

चित्रपटाने मिळविले ते प्रथम सांगू. कादंबरीत समुद्राचे सामर्थ्य वर्णनाने सांगावे लागते. येथे तो प्रत्येक दृश्याच्या पाठीमागे उभा आहे. दोन माणसे बोलत असता मागे लाटांचा आवाज चालूच असतो, आणि हे बोलणे ऐकणारा कोणी तिसरा येथे आहे असे प्रेक्षकाला वाटत राहते. समुद्रमाता पडद्यावर मूर्तिरूपाने दाखवावी लागली नाही, हे दिग्दर्शक व छायालेखक यांचे यश होय. श्रीधरन नायर यांचा चेंपनकुंजु खलपुरुष वाटत नाही, हेही महत्त्वाचे. तो हसतो, नाचतो, पहिल्या होडीच्या आनंदात लहान मुलासारखा होतो. आणि म्हणूनच परीकुट्टीला पाठ दाखवितो तेव्हा प्रेक्षकाला धक्का बसतो. दारिद्र्यातून वर चढणारा माणूस ज्या पायरीवरून चढला तीच कशी लाथाडतो, हे येथे कोणत्याही भाषणाविना दिसते.

गमावले तेही सांगितले पाहिजे. होडी बाळगण्याचा अधिकार किनाऱ्यावरील सर्वांना सारखा नव्हता. पोटजातींची उतरंड होती, आणि नवी होडी घेताना किनाऱ्याच्या प्रमुखाची मर्जी संपादन करावी लागे. म्हणजे होडी घेणे हीसुद्धा एक मर्यादा ओलांडणेच होते, आणि ती मर्यादा पैशाने ओलांडता आली. कादंबरीत हा धागा विस्ताराने येतो. त्यामुळे बापाने केलेले उल्लंघन आणि मुलीवर आलेला आळ यांची तुलना वाचकाच्या मनात सतत जागी राहते. चित्रपटात गीते, नृत्ये आणि निसर्ग यांना जागा देताना हा धागा बारीक झाला आहे. मन्ना डे यांच्या आवाजातील गीत इतके मनाचा ठाव घेते, की परीकुट्टी हा विरही प्रियकर म्हणूनच ध्यानात राहतो. लुबाडला गेलेला व्यापारी विस्मरणात जातो. चित्रपट पाहिलेल्या, पण कादंबरी न वाचलेल्या माणसाला कथा विचारली तर तो प्रेमाची सांगतो, कर्जाची सांगत नाही, याचे कारण बहुधा हेच असावे.

शेवटच्या भागात माध्यमाचा आणखी एक धर्म कामास येतो. समुद्रावरची झुंज आणि किनाऱ्यावरची भेट ही दृश्ये आलटूनपालटून येतात. कागदावर ‘त्याच वेळी’ असे लिहिले तर वाचक त्याला समकालीनता समजतो. पडद्यावर मिठीनंतर लगेच भोवरा दिसला, की डोळ्याला ती समकालीनता न वाटता कारण आणि कार्य वाटते. दृश्यांच्या जोडणीतच असा एक तर्क दडलेला असतो, आणि तो तर्क किनाऱ्यावरच्या श्रद्धेच्या बाजूचा आहे. म्हणून चित्रपट कादंबरीपेक्षा शापाकडे थोडा अधिक झुकतो, असे आमचे निरीक्षण आहे. चित्रपटाची कला येथे उणी पडली असे आम्ही म्हणत नाही. प्रेक्षकाने अधिक जागरूक राहिले पाहिजे, एवढेच सुचवितो.

६

कार्याट यांच्या पूर्वीच्या एका चित्रपटाशी तुलना केल्यास ‘चेम्मीन’चे वेगळेपण अधिक स्पष्ट होईल. १९५४ साली पी. भास्करन यांच्या सहकार्याने त्यांनी ‘नीलक्कुयिल’ दिग्दर्शित केला. उरूब यांच्या कथेवरील त्या चित्रपटास राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले होते. त्यातही प्रेम निषिद्ध आहे. अस्पृश्य मानलेल्या जातीतील नीली आणि सवर्ण शाळामास्तर यांचा संबंध येतो. ती गरोदर राहताच मास्तर लोकलज्जेस्तव तिला झिडकारतो. मूल जन्माला घालून ती मरते, आणि एक पोस्टमन ते मूल वाढवितो. पुढे मास्तरला पश्चात्ताप होतो व तो मुलाचा स्वीकार करतो. तेथे अपराधी कोण हे स्वच्छ आहे, प्रायश्चित्ताची वाट आहे, आणि उद्याच्या समाजाविषयीचा त्या काळचा आशावाद आहे.

अकरा वर्षांनंतरच्या ‘चेम्मीन’मध्ये यांतील काहीच नाही. अपराध वाटला गेला आहे, प्रायश्चित्त कोणी घेत नाही, आणि मागे उरते ती बहिणीच्या लेकराला घेऊन किनाऱ्यावर रडणारी पंचमी. विशेष असे, की ‘नीलक्कुयिल’मधील भेकड मास्तर आणि ‘चेम्मीन’मधील निष्पाप पळनी या दोन्ही भूमिका सत्यन यांनीच केल्या. पहिल्या चित्रपटात समाजाला भिऊन ज्याने एका स्त्रीला टाकले, तोच नट दुसऱ्यात पत्नीला न टाकल्याबद्दल समाजाकडून टाकला जातो. पळनीच्या व्यक्तिरेखेची थोरवी येथे आहे. लोक काहीही बोलोत, तो घर मोडीत नाही. रागावतो, संशयाने जळतो, पण बायकोला घराबाहेर काढीत नाही. वाळीत पडूनही बायकोबरोबर राहणारा हा एकटा पुरुष, आणि शेवटी बुडतो तोही तोच. पत्नीची निष्ठा पतीला तारते असे सांगणाऱ्या किनाऱ्याने पतीच्या निष्ठेला मात्र कोणतेच फळ दिले नाही.

७

ही कथा शिकविताना दोन सोपे धडे टाळावेत, असे आम्ही अध्यापकबंधुभगिनींस सुचवू. पहिला धडा नीतीचा: मर्यादा ओलांडली की नाश होतो. हा धडा देणारा अध्यापक नकळत किनाऱ्यावरील जमावात जाऊन उभा राहतो. दुसरा धडा सुधारकी: श्रद्धा खोटी, रूढी वाईट, प्रेम पवित्र. हा धडा ऐकावयास बरा वाटतो. पण त्याने करुत्तम्मेची खरी वेदना हातची निसटते, कारण ती स्वतः समुद्रमातेवर विश्वास ठेवणारी आहे. तिला रूढीविरुद्ध बंड करावयाचे नव्हते. तिला बापाचे कर्ज फेडून, नवऱ्याशी नीट वागून, शांतपणे जगावयाचे होते. तिच्या हातात यांपैकी पहिली गोष्टच नव्हती, आणि ती झाली नाही म्हणून पुढच्या दोन्ही अशक्य झाल्या.

या दोन धड्यांऐवजी विद्यार्थ्यांना एक साधे काम द्यावे. कथेतील प्रत्येक पात्राने कोणाला काय देणे होते, ते पाळले की मोडले, आणि मोडल्याबद्दल त्यास किनाऱ्याने काय शिक्षा केली, असे तीन रकाने आखून भरावयास सांगावे. चेंपनकुंजुच्या पुढे तिसरा रकाना कोरा राहील. वेड लागले ते दुसऱ्या संसाराने व लोभाने, किनाऱ्याने त्याला कधी वाळीत टाकले नाही. परीकुट्टीपुढे देण्याचा रकाना कोरा राहील आणि तरी सर्वनाश त्याचाही आहे. पळनीने सर्व पाळले आणि तो मेला. करुत्तम्मेने शेवटच्या रात्रीपर्यंत सर्व पाळले आणि शिक्षा मात्र तिला पहिल्या दिवसापासून चालू होती. असा तक्ता समोर आल्यावर ‘पळनी कशाने बुडाला’ या प्रश्नाचे उत्तर अध्यापकाला सांगावे लागणार नाही.

आणि हा प्रश्न केवळ मल्याळी किनाऱ्यापुरता राहत नाही. घरातला कर्ता पुरुष अपघाताने गेला असता त्याच्या पत्नीकडे वळणाऱ्या नजरा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. गाडीचा वेग, रस्त्यातला खड्डा, दवाखान्याचे अंतर यांचा हिशेब कोणी मांडण्यापूर्वी तिच्या पायगुणाचा हिशेब मांडला जातो. आपल्यातील सुशिक्षितांच्या घरांतूनही ही भाषा पुरती गेलेली नाही. ‘चेम्मीन’ने दाखविलेला किनारा तेवढ्यापुरता आपलाही आहे. समुद्राला कोणी प्रश्न विचारू शकत नाही, हे खरे. परंतु प्रश्न बाईला विचारण्याआधी कर्ज कोणी बुडविले आणि होडीवरून कोणी उतरविले, एवढे तरी आपण विचारावे.